नऊ नंबरची जोडी

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमाग होते. सकाळी सात वाजता सुरू झाले की वीज जाईपर्यंत खटक-खट, खटक-खट. त्या आवाजात आम्ही जेवलो, अभ्यास केला, भांडलो, आणि त्याच आवाजात अरुणदादा आणि मी वॉल्ट्झ शिकलो. वॉल्ट्झला तीन मात्रा लागतात, मागाला दोनच असतात. पुढच्या खोलीतली खाट उभी करून, दळणाचे डबे भिंतीला सरकवून आम्ही समोरासमोर उभे राहिलो की मनातलं एक-दोन-तीन घट्ट धरून ठेवावं लागायचं, नाहीतर भिंतीपलीकडचं एक-दोन पायात शिरायचं. माझ्या पायात ते हमखास शिरायचं. दादा म्हणायचा, "शोभे, तू नाचतेस का लुंगी विणतेस?" पण हसून म्हणायचा आणि पुढच्या गिरकीला मला सावरून घ्यायचा. आई आतून ओरडायची, "अरे, माझे पापड तुडवाल!" वडील शाळेत गणित शिकवायचे. ते खुर्चीत पाय वर घेऊन उत्तरपत्रिका तपासत बसलेले असायचे आणि मान वर न करता मधूनच आमच्या मात्रा मोजायचे. त्या दीड वर्षाइतकी सुखी मी पुढे फार कमी वेळा झाले.

बुऱ्हाणपुरात बॉलरूम नृत्य कुठून आलं, असं आता सगळेच विचारतात. ते सोनवणे मास्तरांबरोबर आलं. मास्तर महूच्या छावणीत लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये त्यांनी वीस वर्षं वाजवलं आणि वाजवता वाजवता समोर नाचणारे पाय पाहिले. स्वतः त्या फरशीवर एकदाही उतरले नाहीत, बँडवाल्यानं उतरायची पद्धतच नव्हती. पाहिलेली प्रत्येक गोष्ट मात्र ते घरी येऊन बायकोबरोबर स्वयंपाकघरात करून बघायचे. मास्तरीणबाई आम्हाला सांगायच्या, "पोळ्यांच्या दिवशी मी नाही म्हणायची, तव्यावर करपतात. भात असला की नाचायचो." निवृत्त झाल्यावर मास्तर बायकोच्या गावी, म्हणजे आमच्या बुऱ्हाणपुरात, राहायला आले आणि एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी शिकवू लागले. मुलगा-मुलगी हातात हात घेऊन नाचणार म्हटल्यावर गावात काय झालं असतं ते त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी आधीच नियम केला होता की जोडी घरातली पाहिजे. नवरा-बायको चालतील, भाऊ-बहीण चालतील, बाप-लेक चालतील. त्यामुळे त्या हॉलमध्ये कापडदुकानदार आपल्या बायकोबरोबर लाजत-लाजत चार पावलं टाकायचे, आणि दादाबरोबर मी.

अकरावीला वंदू आमच्याकडे आली. वंदना, माझ्या थोरल्या काकांची मुलगी. आम्ही काकांना मोठेबाबा म्हणायचो. ते देडतलाईला शेती बघायचे, कापूस आणि तूर. शिकून शहरात आले ते माझे वडील. गावात पुढची शाळा नव्हती म्हणून मोठेबाबांनी वंदूला एक पत्र्याची पेटी आणि डबाभर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घेऊन आमच्या दारात आणून सोडलं आणि वडिलांना म्हणाले, "तुझ्या हवाली करतो. शिकली तर शिकू दे." ती माझ्याएवढीच होती, माझ्याच वर्गात बसणार होती. पहिले काही दिवस मला बरं वाटलं. मग एकेक गोष्ट टोचायला लागली. आई रविवारी तिच्या केसांना तेल लावायची. माझे केस कापलेले, त्यांना तेल लावायला वेळ लागत नसे. सणाला मांडे केले की उलट्या कढईवरून उतरलेला पहिला, हातभर रुंद, कागदासारखा पातळ मांडा वंदूच्या ताटात पडायचा. "पाहुणी आहे गं," आई म्हणायची. आठ महिने झाले तरी ती पाहुणीच होती. वडील तिला गणित शिकवताना कधी चिडत नसत, आणि दादा तिला "वंदे" म्हणायचा. "शोभे" म्हणताना त्याच्या आवाजात जे असायचं तेच "वंदे" म्हणतानाही असायचं. मी दाराआड उभी राहून ते पुन्हा पुन्हा ऐकलं आहे.

तोवर नाच माझा होता, म्हणून मी बाकीचं सोसत होते. मग एका रविवारी सकाळी मास्तरांनी आम्हा सगळ्यांना राजघाटावर नेलं. उलटं चालायचा सराव करायला मोकळी जागा हवी होती. बॉलरूममध्ये बाईला बराच वेळ मागे मागे जावं लागतं आणि मागे जाताना माणूस घाबरतं, वळून बघतं. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका आपटणं थांबवून आमच्याकडे बघत होत्या. मी पाच पावलांत दोनदा वळून बघितलं. कापडदुकानदाराच्या बायकोनं तर बसूनच घेतलं. वंदू आमच्याबरोबर नुसती नदी बघायला आली होती. मास्तर तिला म्हणाले, "तू का उभी? ये." तिनं चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि घाटाच्या सपाट दगडांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत उलटी चालत गेली. सरळ, मान ताठ, एकदाही न बघता. टोकाला पोचल्यावर जिथं दगड संपत होता त्याच्या वीतभर आधी थांबली. मास्तरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. मास्तरांना ओळखणाऱ्याला तेवढं पुरेसं होतं.

त्या आठवड्यात ते आमच्या घरी आले. आईनं चहा आणि दराबा पुढे ठेवला. दराबा म्हणजे रवा आणि तूपसाखर फेटून-फेटून केलेला आमच्या गावचा गोड पदार्थ. मास्तरांचा तो आवडता, तरी त्यांनी चमचा उचलला नाही.

"गुरुजी," ते वडिलांना म्हणाले, "आपण दिवाळीनंतर स्पर्धा घेतोय. खरी स्पर्धा. बाहेरून परीक्षक येणार. अरुणबरोबर वंदनाला उतरवू द्या."

"आणि शोभा?" वडिलांनी विचारलं.

"शोभा मला पाहिजे. नाचणारे मला मिळतील हो, स्पर्धा चालवणारं माणूस मिळत नाही. हिचं अक्षर चांगलं, डोकं थंड. ही माझी वही सांभाळेल."

सगळ्यांना वाटलं, माझा मान झाला. आई म्हणाली, "बघ, केवढी जबाबदारी!" वंदू म्हणाली, "नको मास्तर, शोभाच नाचू दे," आणि ती खरंच म्हणत होती, त्याचाच मला जास्त राग आला. मी दादाकडे बघितलं. तो खाली बघत होता. चेहरा पडलेला होता, पण उजव्या पायाचा अंगठा फरशीवर हळूच ठेका धरत होता. नव्या जोडीदारणीबरोबर काय-काय करता येईल ते त्याच्या पायानं आधीच मोजायला घेतलं होतं. मी म्हणाले, "चालेल मास्तर."

मग तीन महिने मी वही घेऊन खुर्चीवर बसले आणि ती दोघं नाचली. स्पर्धा म्हणजे काय ते मात्र त्या खुर्चीवर मी शिकले. मास्तरांचं म्हणणं असं की वाईट नाचलेल्या जोडीनंही घरी जाताना म्हटलं पाहिजे, आपल्याला न्याय मिळाला. त्यासाठी ते बारीकसारीक गोष्टींसाठी आमचा जीव घ्यायचे. पाठीवरचे नंबर कापडाचे हवेत आणि चारही कोपरे शिवलेले हवेत, नाहीतर गिरकीत दुमडतात आणि परीक्षकाला दिसत नाहीत. परीक्षक तीन, आणि तिघांच्या खुर्च्या तीन कोपऱ्यांत, एकमेकांशी बोलायचं नाही. प्रत्येक फेरीला संगीत तेवढंच, घड्याळ लावून, जोडी कोणाच्या ओळखीची असो वा नसो. पाहुण्यांचं भाषण पाच मिनिटं, तेही शेवटी. नाचणाऱ्यांचे पाय गार पडू द्यायचे नाहीत. निकाल लागला की परीक्षकांच्या चिठ्ठ्या भिंतीवर लावायच्या, ज्याला बघायचं त्यानं बघावं. आणि मला वेगळं बजावून सांगितलेलं, "आकडा वाचताना शंका आली तर अंदाज करायचा नाही. हात वर करायचा. मी परीक्षकाला घेऊन येईन."

परवा इथल्याच एका नृत्यस्पर्धेला मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मुख्य पाहुणे दोन तास उशिरा आले. लहान पोरींचा मेकअप गळून मानेवर उतरला होता. परीक्षक एकाच सोफ्यावर बसून एकमेकांच्या कानात बोलत कचोऱ्या खात होते, आणि शेवटी कोणी नाराज नको म्हणून सगळ्यांना सारखीच ढाल दिली. माझ्या शेजारी बसलेल्या एका पोरीनं आपली ढाल उलटी करून बघितली आणि आईला विचारलं, "पर मैं कितवी आली?" मला मास्तरांची फार आठवण झाली. पण त्यांच्या त्या नेटक्या स्पर्धेला जो डाग लागला तो माझ्या हातून लागला, तेच मला लिहायचं आहे.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात आईनं आपली लग्नातली मोरपंखी साडी पेटीतून काढली. ती मला मिळणार हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आईनं ती अंगणातल्या उन्हात पसरली, कात्री घेतली आणि वंदूसाठी घेरदार झगा बेतला. काठ कापताना तिचा हात एकदा थांबला, माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला दुसरी घेऊ गं. ही आता फाटायलाच आली होती." साडी फाटायला आलेली नव्हती. झगा घालून वंदू आरशापुढे उभी राहिली आणि तिनं मला विचारलं, "बरी दिसते का मी?" मी म्हणाले, "कमरेत ढगळ आहे." कमरेत तो अगदी नेमका बसला होता.

स्पर्धा रविवारी दुपारी होती, किसनलाल शेठच्या मंगल कार्यालयात. शेठ सुताचे व्यापारी, हौशी माणूस. त्यांनी हॉल दिला होता आणि स्वतःही पत्नीबरोबर, शांताभाभींबरोबर, स्पर्धेत उतरले होते. दोघांचं वय पन्नाशीचं, पण भाभी सुंदर नाचायच्या. आम्ही दोन दिवस फरशीवर मेण घासून कोरड्या कापडानं पुसलं होतं. पावडर टाकायला मास्तरांची सक्त मनाई होती, पाय घसरतात. वाजवायला लग्नाच्या वरातीतले पाच बँडवाले होते; मास्तरांनी त्यांना तीन महिने घासून हळू वाजवायला शिकवलं होतं. लाल कोट घातलेली ती माणसं इतकं हलकं वाजवत होती की पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. चिठ्ठ्या टाकून नंबर काढले तेव्हा शेठ-भाभींना एक नंबर आला, दादा-वंदूला नऊ. मास्तरीणबाईंनी ते पाठीवर शिवले.

शेवटच्या फेरीत सहा जोड्या राहिल्या. मला आजही ती फेरी जशीच्या तशी दिसते. इतर जोड्या नाचत होत्या, वंदू नुसती चालल्यासारखी वाटत होती. मोरपंखी घेर तिच्या मागून अर्ध्या क्षणानं वळायचा. दादाचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. माझ्याबरोबर नाचताना त्याचं निम्मं लक्ष मला सावरण्यात असायचं. आता तो मोकळा होता. माझ्या हातातली पेन्सिल मोडली. तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. चपलांच्या ढिगाजवळ, टोपी हातात घेऊन, मोठेबाबा उभे होते. कोणीतरी गावात जाऊन सांगितलं होतं की तुमची पोर शहरात नाचते, म्हणून ते न कळवता, तडक बसनं आले होते. तोंड रागानं आवळलेलं होतं. फेरी संपेपर्यंत ते आवळलेलं राहिलं नाही.

मोजणी वरपक्षाच्या खोलीत होती. चिठ्ठ्या मी वाचायच्या आणि वडिलांनी लिहून घ्यायच्या, म्हणजे एकमेकांवर लक्ष राहील. आज मी स्वतः स्पर्धा घेते तेव्हा स्पर्धकाच्या घरच्यांना मोजणीच्या खोलीत पाऊल टाकू देत नाही. तेव्हा मास्तर म्हणाले होते, गुरुजींवर गावात कोण संशय घेणार? आणि घेतलाच असता तर आम्ही घरच्यांच्या बाजूनं आकडे फिरवू असा घेतला असता. उलट बाजूनं फिरवीन असं कोणाच्या मनात आलं असतं?

महूहून आलेल्या सुभेदारांनी पहिला क्रमांक नऊ नंबरला दिला होता. इंदूरच्या नृत्यशिक्षकांनी एक नंबरला. राहिली खंडव्याच्या जोगळेकर बाईंची चिठ्ठी. बाई संगीत शिकवायच्या, आणि पहिल्या दोघांसारखे इंग्रजी आकडे न लिहिता त्यांनी मराठी आकडे लिहिले होते, घाईत, तिरपे. पहिल्या ओळीत एक आकडा, तिसऱ्या ओळीत एक आकडा, दोन्ही जवळजवळ सारखे. एक आणि नऊ. पटकन बघितलं तर कुठला कुठला ते सांगता येत नव्हतं. मी पटकन बघितलं नाही. चिठ्ठी खिडकीकडे धरून नीट बघितलं. नऊच्या मानेला जो एक वळसा जास्त असतो, तो पहिल्या ओळीतल्या आकड्याला होता.

"हं, पहिला?" वडील म्हणाले.

"एक."

"नीट बघ गं."

"एक," मी म्हणाले. "आणि तिसरा नऊ."

वडिलांनी लिहिलं. त्यांनी चिठ्ठी मागितली नाही. माझं वाचलेलं त्यांनी कधीच तपासलं नव्हतं.

निकाल सांगितला. शेठ-भाभी पहिले, दादा-वंदू दुसरे. टाळ्या पडल्या, थोड्या कमीच. मागून कोणीतरी म्हणालं, "शेठचा हॉल, शेठचाच कप." दादा हसून टाळ्या वाजवत होता. वंदूनंही वाजवल्या, मग ती झगा सावरत दाराकडे धावली आणि मोठेबाबांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चाल, येतो मी. गाडी निघून जाईन," एवढंच म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. मला आनंद झाला होता. खोटं कशाला लिहू, पंधरा-वीस मिनिटं मला इतकं हलकं वाटत होतं की मी उभ्या उभ्या दोन पेढे खाल्ले.

चिठ्ठ्या भिंतीवर लागल्या होत्या. लोक चहाकडे वळले, कोणी बघायला गेलं नाही. जोगळेकर बाई मात्र बशीत चहा ओतत-ओतत तिथं गेल्या, आपलं अक्षर शोधलं आणि शेजारी लावलेल्या मोजणीच्या तक्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो मास्तर, इकडे या जरा. मी नऊ लिहिलं आहे."

मास्तर आले. त्यांनी चिठ्ठी भिंतीवरून काढली, डोळ्यांजवळ धरली. मग मला आणि वडिलांना बोलावलं. "कोणी वाचलं?"

"लिहिलं मी," वडील म्हणाले.

"वाचलं मी," मी म्हणाले.

"शंका आली होती?"

"नाही."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी खाली बघितलं. पुढे काही न विचारता ते माइककडे गेले. निम्मा हॉल रिकामा झाला होता, शेठच्या गळ्यात हार होता, हातात कप होता, फोटो काढून झाले होते. त्या वेळी गप्प बसणं किती सोपं होतं ते मला आज जास्त कळतं. मास्तर म्हणाले, "निकालात चूक झाली आहे. पहिला क्रमांक नऊ नंबरच्या जोडीचा आहे. मोजणी माझ्या हाताखाली झाली, तेव्हा चूक माझी आहे. मी शेठजींची आणि सगळ्यांची माफी मागतो." शेठचा चेहरा काळवंडला. शांताभाभींनी मात्र नवऱ्याच्या हातातून कप काढून घेतला, चालत आल्या आणि वंदूच्या हातात दिला. "ले बेटी, तेरा है," म्हणाल्या. शेठनी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि निघून गेले. पुढच्या वर्षी आम्हाला त्या कार्यालयात तारीख मिळाली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मास्तरांची स्पर्धा दोन वर्षं झालीच नाही.

वंदू कप पोटाशी धरून रस्त्यापर्यंत धावत गेली होती. गाडी केव्हाच सुटली होती. परत आली तेव्हा म्हणाली, "बाबांनी बघितलंच नाही." घरी वडिलांनी आईला सांगितलं, "मी चिठ्ठी हातात घेऊन बघायला हवी होती. इतकी वर्षं पोरांना सांगतो, ताळा करून बघा." त्यांनी त्या दिवशी जेवताना भाकरी अर्धी टाकली. मी ताटावर मान घालून जेवले.

गुरुवारी देडतलाईचा एक माणूस बाजाराला आला तो मोठेबाबांचा निरोप घेऊन. वंदीला परत पाठवा, शाळा पुरे. कारण सांगितलं नव्हतं. वंदूनं विचारलंही नाही. ती आत गेली आणि पत्र्याची पेटी ओढून त्यात पुस्तकं ठेवू लागली. मग थांबली, पुस्तकं बाहेर काढून माझ्या फळीवर लावली आणि फक्त कपडे भरले. मी एवढे महिने हेच मागत होते. आता ते समोर घडत होतं. मी आईला म्हणाले, "मी सोडायला जाते तिला." दादा म्हणाला, "मी जातो ना." मी म्हणाले, "नको. मीच."

शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. कप वंदूच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला. तुकईथडला गाडी बरीच रिकामी झाली आणि आम्हाला खिडकी मिळाली. रस्त्यानं दोन्हीकडे कापूस फुटला होता. ती शेतांची नावं सांगत होती, हे अमक्याचं, ते तमक्याचं. मी हो-हो म्हणत होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. एकही जुळलं नाही.

मोठेबाबा अंगणात खाटेवर बसून दोर वळत होते. वंदूनं टॉवेल सोडून कप त्यांच्यापुढे ठेवला. "पहिलाच नंबर होता बाबा. वाचण्यात चूक झाली होती. तुम्ही गेल्यावर सांगितलं मास्तरांनी."

त्यांनी कप उचलला, फिरवून बघितला, खाली ठेवला. "आता काय सांगता मले. मी तिथं उभा होतो. लोकं काय बोलत होते ते आइकलं मी. मोठ्या माणसाचं ते त्याचं, आपल्या पोरीचं तिथं कोनी नाही. म्हनून म्हटलं, घरी असलेली बरी." मग माझ्याकडे वळले. "चूक कोनाची झाली?"

"माझी," मी म्हणाले.

"आकडा दिसला नाही?"

"दिसला होता."

दोर वळणारा हात थांबला. वंदू माझ्याकडे बघायला लागली. मी मोठेबाबांकडे बघत बोलले, तिच्याकडे बघवत नव्हतं. "नऊ आहे ते मला कळलं होतं. मी मुद्दाम एक वाचलं. शेठचा त्यात काही संबंध नाही, मास्तरांचाही नाही. वंदूचं तिथं कोणी नाही असं नाही मोठेबाबा. मीच..."

काकू आतून बाहेर आल्या, काय झालं ते न कळून दारातच थांबल्या. मोठेबाबांनी दोराचा गुंडा बाजूला सारला. "वंदे, दाखव बरं मले, काय नाचली तू. त्या दिवशी सगळं नाही दिसलं. मधी लोकं होते."

"दादा नाही ना," ती म्हणाली. आवाज कोरडा होता.

"ही आहे."

वंदू माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिनं हात दिला. हात गार आणि कडक होता. दादाची पावलं मला पाठ होती, तीन महिने खुर्चीवर बसून मी तेच तर बघितलं होतं. मी मनात मोजलं आणि डावा पाय पुढे टाकला. शेणानं सारवलेल्या अंगणात, अनवाणी, संगीत नसताना, ती रागावलेली मुलगी माझ्यापुढे मागे मागे गेली आणि तिचं वजन माझ्या हाताला लागलंच नाही. मी वळायचं मनात आणायचे आणि ती वळलेली असायची. माझी पावलं चुकत होती, पण तिच्याकडे बघून कोणाला ते कळलं नसतं. दादाला एवढे दिवस काय मिळत होतं ते तेव्हा मला कळलं. ती माझी जागा घेऊन बसली आहे असं मी धरून चालले होते. अशी जागा माझ्याकडे कधी नव्हतीच. ते कळल्यावर माझा मत्सर कमी होईल असं वाटलं होतं. तो आणखी वाढला.

थांबलो तेव्हा मोठेबाबा उपरण्यानं तोंड पुसत होते. ते मला म्हणाले, "त्या दिवशी मी गाडीत घरापर्यंत रडत आलो. तुले म्हनून सांगतो." रागावून नाही म्हणाले, शिक्षा म्हणूनही नाही. मला माहीत असायला हवं म्हणून सांगितलं. मग उठले आणि काकूंना म्हणाले, "सोमवारी जाऊ दे दोघीले. वंदीची शाळा बुडते."

सोमवारच्या गाडीला गर्दी होती आणि दोघींना एकाच बाकावर जागा मिळाली. दोन दिवस वंदू माझ्याशी बोलली नव्हती. खकनार मागे पडलं तेव्हा तिनं समोर बघत विचारलं, "मी तुझं काय केलं होतं?"

"काही नाही."

"मग?"

"तू चांगली नाचतेस."

"तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठी."

तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते, मला वाटलं रडते आहे. मी पुढे वाकून बघितलं. ती हसत होती, स्वतःशीच, वाऱ्यानं डोळे बारीक झालेले, आणि मला त्या हसण्याचाही हेवा वाटला.